ऐंशीपर्यंत

चाळीस वर्षं मी गाड्या कानाने पारखल्या.
माझ्या नव्हे, लोकांच्या.
उद्यमबागेत लेथ थांबवून कुणीही हाक मारायचं,
"जरा ऐका की ओ, घेऊ का नको?"
बॉनेटवर मान कलती करून मी सांगायचो:
टॅपेट वाजतंय. पिस्टन ढिला. ही सोडा.

आता डावा कान फाउंड्रीने ठेवून घेतलाय,
उजवा अधूनमधून कामावर येतो.
आणि शर्वाणीला हवी आहे आवाज नसलेली गाडी,
जुनी, विजेवरची,
रोज नंदगडच्या शाळेत जाऊन यायला.
ऐंशी किलोमीटर, वर थोडा बाजारहाट.

पहिली कोल्हापूरची. चाळीस युनिटची बॅटरी
आणि किंमत अशी की मी खुर्चीत सरळ बसलो.
मग शर्वाणीने पंचांगाच्या पाठीवर हिशेब मांडला:
तिकडची एनओसी, इकडचा रोड टॅक्स,
एमएच पुसून केए लिहायचे पैसे.
कोगनोळीच्या नाक्यावर
आमच्या आत्या, मावश्या, सोयरिकी कधी अडल्या नाहीत.
गाडी अडते.

दुसरी संकेश्वरच्या ईरण्णा मगदूमची.
"चलो ऐत्री! सगळ्यांत मोठी बॅटरी,
एका दमात पुणं."
"पुण्याला जायचंय कुणाला?" शर्वाणी म्हणाली.
तीन वर्षं टॅक्सी. एक लाख दहा हजार किलोमीटर,
आणि रोज हायवेवर घाईघाईत पोट भरलेलं.
सवयीने मी बॉनेटवर वाकलो.
"काय ऐकूलाय बाबा?"
काही नाही. खरंच काही नव्हतं.
गाडी सुरू होती आणि विहिरीत डोकावल्यासारखं वाटलं.
वंटमुरीचा घाट चढवून बघितला:
पायथ्याला बासष्ट टक्के, माथ्यावर पन्नास.
आकडा असा उतरला,
जसा वर्गणीवाले दिसल्यावर शेजारी मागच्या जिन्याने उतरतो.
ईरण्णा म्हणाला, एसी चालू होता.
एसी मी केव्हाच बंद केला होता.

तिसरी कॅम्पातली. फिलोमिनाबाई,
मिलिटरी हॉस्पिटलातून रिटायर झालेल्या नर्स.
बॅटरी सगळ्यांत लहान, सव्वीस युनिट.
डाव्या दारावर ओरखडा, मागच्या सीटवर मांजराचे केस,
आणि किंमत ईरण्णापेक्षा फक्त तीस हजारांनी कमी.
"कमी करणार नाही," त्या चहाआधीच म्हणाल्या.
मग कपाटातून वही काढली,
पेशंटच्या तापाच्या तक्त्यासारखी आखलेली:
तारीख, किती टक्क्यांवर लावली, किती वाजता काढली.
पाच वर्षं. एकच हस्ताक्षर.
सगळीकडे ऐंशी. नाताळच्या आठवड्यात तेवढे शंभर,
समोर कंसात: "मडगाव, भाचीचं लग्न."
"शंभर का नाही भरत रोज?" मी विचारलं.
"पोट तरी भरते का मी?"

मेकॅनिकचं यंत्र लावलं.
बॅटरीची तब्येत: एक्क्याण्णव.
ईरण्णाची एकोणऐंशी होती, वही नव्हती.
शर्वाणीने बोटांवर मोजलं, एका चार्जमध्ये दीडशे,
पावसाळ्यात एकशे तीस समजू,
वॉरंटीची तीन वर्षं उरलेली.
मी मोजत होतो वेगळंच:
मागच्या महिन्यात पोरीने माझेही कान तपासून आणले होते,
उजवा बावन्न टक्के.
मला कुणी ऐंशीला काढलं नाही फर्नेसपासून.

पैसे दिले. वही मागून घेतली.
बाई जरा थांबल्या, मग पेन पण दिलं.

रात्री घरमालकाच्या मीटरवरून वायर ओढली,
भांडण झालं, मिटलं, वेगळा मीटर बसवायचं ठरलं.
शर्वाणी म्हणते, चार्जिंग सुरू होताना टक् असा आवाज होतो.
असेल.
मी केबलवर तळवा ठेवतो,
कोमट लागते, न्हाऊन आलेल्या पोराच्या मानेसारखी.
पावणेअकराला उठून प्लग काढतो,
वहीत माझ्या वाकड्या अक्षरात लिहितो,
ऐंशी,
आणि पुढे काय लिहायचं
ते न सुचून पेन तसंच धरून बसतो.